आभाळाचा सौदा

मँचेस्टरच्या कॅथीड्रलला लागून काळ्या लाकडी चौकटींची, पांढऱ्या भिंतींची एक जुनी इमारत आहे. तिच्यात ‘ओल्ड वेलिंग्टन’ नावाचा पब चालतो. इमारत १५५२ च्या सुमाराची, म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माच्याही पाऊणशे वर्षं आधीची. एवढ्या वयाची वास्तू जागची हलणार नाही असंच कुणालाही वाटेल. पण ही दोनदा हलली आहे. १९७०च्या दशकात आजूबाजूला काँक्रीटची बाजारपेठ उभी राहत होती, तेव्हा तिला जागच्या जागी सुमारे दीड मीटर वर उचललं गेलं. पुढे १९९०च्या दशकाच्या शेवटी तिचं एकेक लाकूड सुटं करून सुमारे तीनशे मीटर पलीकडे पुन्हा जुळणी केली, कारण मूळ जागी नवा रस्ता आणि नवी दुकानं यायची होती. जुनं राखायचं, पण नव्याच्या आड ते येऊ द्यायचं नाही, ही या शहराची रीत आहे. तिचे फायदे मँचेस्टरने भरपूर घेतले. तोटे कुणाच्या वाट्याला आले, ते मात्र जरा थांबून पाहावं लागतं.

दुसऱ्या स्थलांतराचं कारण होतं बॉम्ब. १५ जून १९९६, शनिवार. कॉर्पोरेशन स्ट्रीटवर उभ्या केलेल्या ट्रकमध्ये आयरिश रिपब्लिकन आर्मीने सुमारे दीड हजार किलो स्फोटकं ठेवली होती. फोनवरून आगाऊ इशारा मिळाला आणि पोलिसांनी पाऊण लाखाच्या आसपास माणसं बाजारपेठेतून बाहेर काढली. सकाळी ११ वाजून १७ मिनिटांनी स्फोट झाला. दोनशेहून अधिक लोक जखमी झाले, जीव मात्र कुणाचा गेला नाही. दुकानं, कचेऱ्या, रॉयल एक्स्चेंजची भव्य इमारत, सगळ्यांच्या काचा आणि छपरं गेली. नुकसान सुमारे ७० कोटी पौंडांचं होतं.

आजचं मँचेस्टर त्या बॉम्बने घडवलं, असं तिथे सर्रास बोललं जातं. मला ते अर्धंच खरं वाटतं. बॉम्बमुळे पैसा आला, निकड आली, आराखड्यासाठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली. पण ट्रॅम १९९२ मध्येच रस्त्यावर आली होती, आणि खासगी भांडवलाशी हातमिळवणी करायचं धोरण मजूर पक्षाच्या कौन्सिलने १९८७ मध्येच पत्करलं होतं. त्या वर्षी मार्गारेट थॅचर तिसऱ्यांदा निवडून आल्या. लंडनशी भांडून आपल्या शहराला काही मिळणार नाही, हे कौन्सिलचे तेव्हाचे नेते ग्रॅहॅम स्ट्रिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओळखलं. त्यांच्यानंतर रिचर्ड लीस १९९६ पासून २०२१ पर्यंत कौन्सिलचे नेते राहिले आणि हॉवर्ड बर्नस्टीन १९९८ ते २०१७ मुख्य अधिकारी. इंग्लंडमध्ये एवढा काळ एकच पक्ष आणि तीच माणसं एका शहराच्या मुख्य खुर्च्यांवर असणं दुर्मीळ. बिल्डरांना हा स्थैर्याचा भरवसा फार मोलाचा वाटला.

शहराचे कारभारी एवढे आतुर का होते, हे समजायचं तर रॉयल एक्स्चेंजमध्ये जायला हवं. आता तिथे नाट्यगृह आहे. पण सभागृहात उंचावर एक जुना फलक आहे, त्यावर सौद्याच्या शेवटच्या दिवसाचे भाव अजून तसेच आहेत. साल १९६८. त्याआधी जगभरातल्या कापसाचे आणि कापडाचे व्यवहार या छताखाली होत. मराठी वाचकाला हा फलक परका वाटायचं कारण नाही. अमेरिकेतल्या यादवीमुळे १८६१ पासून तिथला कापूस बंद झाला, मँचेस्टरभोवतीच्या लँकेशायरमधल्या गिरण्या उपाशी पडल्या, आणि मुंबई बंदरातून जाणाऱ्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्याआधीच, १८५७ मध्ये, मँचेस्टरच्या गिरणीमालकांनी कापूस पुरवठ्यासाठी संघटना काढली होती. वऱ्हाडात रेल्वे लवकर न्यावी म्हणून त्यांचा तगादा होता. खामगावच्या कापूसबाजारापर्यंत जाणाऱ्या फाट्याचं उद्घाटन १८७० मध्ये खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयोंनी केलं. मुंबईच्या पहिल्या गिरण्यांतली यंत्रंही लँकेशायरचीच. पुढे त्याच गिरण्यांनी लँकेशायरच्या कापडाची बाजारपेठ पोखरली.

सूत गेलं आणि शहर ओसरलं. १९३१ मध्ये मँचेस्टरची वस्ती ७ लाख ६६ हजार होती. २००१ च्या सुमारास ती चार लाखांच्या आसपास उरली होती. मध्यवर्ती भागात तर १९९०च्या उंबरठ्यावर राहणारी माणसं काहीशेच होती. दिवसा कचेऱ्या, संध्याकाळी सामसूम. अँकोट्समध्ये, जिथे १७९८ पासून वाफेवर चालणाऱ्या गिरण्या उभ्या राहिल्या, तिथे तुटक्या खिडक्या आणि ओस गोदामं होती. अशा शहराचा कारभार हाती आल्यावर कुणी इमारत बांधतो म्हणाला, तर त्याला अटी घालायचं धैर्य कुणाला होणार? तेव्हा अटी घातल्या नाहीत, याबद्दल मी त्या कारभाऱ्यांना दोष देणार नाही. मोकळ्या पडलेल्या शहरात आधी माणूस यायला हवा होता.

शिवाय सरकारने स्वतः बांधून पाहिलं होतं, आणि ते लोकांच्या ध्यानात होतं. मध्यवस्तीच्या दक्षिणेला ह्यूम नावाचा भाग आहे. तिथल्या कामगारांच्या जुन्या चिकटून बांधलेल्या घरांच्या रांगा पाडून कौन्सिलने १९७२ मध्ये चंद्रकोरीच्या आकाराच्या चार प्रचंड इमारती बांधल्या. वास्तुरचनाकारांना बाथ शहरातल्या अठराव्या शतकातल्या डौलदार अर्धवर्तुळांची आठवण जागवायची होती. इमारतींना नावंही नामवंत वास्तुशिल्पींचीच दिली. तेरा हजार माणसं राहतील अशी वसाहत. पण तयार काँक्रीटचे भाग घाईने जोडलेले, पाणी झिरपायचं, झुरळं आणि उंदीर. जमिनीखालून तापवायची सोय होती, ती १९७३ च्या तेलटंचाईनंतर भाडेकरूंना परवडेना. १९७४ मध्ये एक लहान मूल गॅलरीतून पडून दगावलं आणि त्यानंतर कौन्सिलने तिथे मुलंबाळं असलेली कुटुंबं पाठवणं थांबवलं. उभारून वीस-बावीस वर्षं होतात न होतात तोच त्या चंद्रकोरी पाडल्या गेल्या. पण त्यातून ‘सरकारने घरं बांधू नयेत’ असा निष्कर्ष काढला गेला, तो चुकीचा होता. घाई करू नये, भाडेकरूला विचारावं, देखभालीला पैसे ठेवावेत, एवढंच त्यातून शिकायचं होतं.

मग २००६ मध्ये बीथम टॉवर उभा राहिला. डीन्सगेट हा शहराचा लांब, सरळ, जुना रस्ता. त्याच्या दक्षिण टोकाला १६९ मीटर उंचीची काचेची सुरी खुपसल्यासारखी ही ४७ मजली इमारत. त्याआधी सर्वांत उंच होता तो १९६२ मधला सहकारी विमा कंपनीचा मनोरा, ११८ मीटरचा. बीथमच्या खालच्या अर्ध्या भागात हॉटेल आणि वर फ्लॅट. जिथे फ्लॅट सुरू होतात तिथे इमारत थोडी पुढे डोकावते. रचना इयन सिम्पसन या मँचेस्टरच्याच वास्तुशिल्पीची. त्यांनी वरच्या मजल्यावर स्वतःचं घर केलं आणि तिथे ऑलिव्हची झाडं लावली. माथ्यावर काचेचं पातं आहे. जोराचा वारा सुटला की त्यातून सलग, खर्जातला घुमणारा आवाज निघतो आणि तो पार लांबच्या गल्ल्यांत ऐकू येतो. पहिल्यांदा ऐकणारा माणूस थबकून वर पाहतोच.

२००८ च्या आर्थिक घसरणीने क्रेन थांबल्या. त्या पुन्हा फिरू लागल्या तेव्हा पैशाचे मालक बदलले होते. २०१४ मध्ये कौन्सिलने अबुधाबी युनायटेड ग्रुपशी भागीदारी केली. मँचेस्टर सिटी फुटबॉल क्लब ज्यांचा आहे, त्या शेख मन्सूर यांचाच हा समूह. अँकोट्स आणि न्यू इस्लिंग्टनमधल्या कौन्सिलच्या जमिनींवर ‘मँचेस्टर लाइफ’ या नावाने हजाराहून अधिक घरं उभी राहिली. २०२२ मध्ये शेफील्ड विद्यापीठातल्या अभ्यासकांनी या व्यवहाराचा अहवाल काढला: जमिनी ९९९ वर्षांच्या पट्ट्याने दिल्या, त्या बाजारभावापेक्षा स्वस्तात गेल्या, आणि मालकी असलेल्या कंपन्या जर्सी बेटावर नोंदवलेल्या आहेत. कौन्सिलने हे अमान्य केलं. पडीक आणि दूषित जमिनीची किंमत आजच्या भावाने लावू नका, असं तिचं म्हणणं. त्या म्हणण्यात तथ्य आहे. पण ९९९ वर्षं म्हणजे इथून मागे मोजलं तर आपण देवगिरीच्या यादवांच्याही आधीच्या काळात पोचतो. एवढ्या मुदतीचा पट्टा देताना पुढच्या पिढ्यांच्या वतीने कुणी बोललं का, हा प्रश्न तथ्याच्या पलीकडे उरतोच.

बीथमपासून पाच मिनिटांवर, मेडलॉक नदीच्या काठाला डीन्सगेट स्क्वेअर आहे. चार मनोरे, पंधराशेहून अधिक फ्लॅट. दक्षिणेचा मनोरा ६४ मजली, २०१ मीटर. पूर्ण झाला तेव्हा लंडनबाहेरचा ब्रिटनमधला सर्वांत उंच. हे काम रेनेकर या बांधकाम कंपनीचं, आणि रचना पुन्हा सिम्पसन यांच्याच कार्यालयाची. २०१५ मध्ये ग्रेटर मँचेस्टरच्या कारभाऱ्यांना सरकारकडून ३० कोटी पौंडांचा गृहबांधणी निधी मिळाला. त्यातून बिल्डरांना कर्जं दिली जातात, ती परत आली की पुन्हा दुसऱ्या कामाला फिरवली जातात. या निधीतला मोठा वाटा मध्यवस्तीतल्या उंच इमारतींकडे गेला. म्हणजे जमिनीचा निर्णय, परवानगी आणि कर्ज या तिन्ही किल्ल्या लोकनियुक्त सत्तेच्याच कमरेला होत्या.

असं असताना शहराला बदल्यात काय मिळालं? इथे इंग्लंडची परवानगीची पद्धत थोडी समजून घ्यावी लागेल. आपल्याकडे चटईक्षेत्र निर्देशांक असतो. एफएसआय किती, टीडीआर किती, याच्या हिशेबावर बिल्डरचं गणित चालतं. इंग्लंडमध्ये तसा आकडा नाही. १९४७ च्या कायद्याने जमीन विकसित करायचा हक्क मालकाकडून काढून सरकारकडे घेतला; तेव्हापासून प्रत्येक इमारतीचा अर्ज स्वतंत्रपणे तपासला जातो. तिची उंची, तिची सावली, शेजारच्या वारसा-वास्तूवर होणारा परिणाम, सगळ्यावर घासाघीस होते. १९९० च्या कायद्यातल्या १०६ व्या कलमाखाली बिल्डरशी करार करून परवडणारी घरं, शाळा, बागा मागता येतात. मँचेस्टरचं धोरण २० टक्के परवडणाऱ्या घरांचं. पण बिल्डरने हिशेब मांडून दाखवला की एवढं दिलं तर प्रकल्प परवडत नाही, तर टक्केवारी खाली येते, शून्यापर्यंतही. सरकारी मार्गदर्शनानुसार १५ ते २० टक्के नफा हा वाजवी नफा धरला जातो. आधी नफा ठरतो, मग जमिनीची किंमत, आणि जे उरेल ते शहराचं.

‘द गार्डियन’ने २०१८ च्या मार्चमध्ये मोजणी छापली. आधीच्या दोन वर्षांत मँचेस्टरच्या नियोजन समितीने ६१ मोठ्या निवासी प्रकल्पांना मंजुरी दिली होती. घरं १४,६६७. त्यांतलं सरकारी व्याख्येत बसणारं परवडणारं घर एकही नव्हतं. नियम कुणी मोडला नव्हता. नियमातच ती वाट होती. कौन्सिलचं उत्तर असं की बदल्यात काही पैसे घेऊन दुसरीकडे, स्वस्त जमिनीवर, अधिक घरं बांधता येतात. पण मग मध्यवस्तीत कुणी राहायचं ते पगार ठरवणार, हेही त्यातच मान्य केलेलं असतं.

हे वाचताना लोअर परळचे मनोरे डोळ्यांसमोर येणं साहजिक आहे, आणि मला ही आठवण ओढूनताणून आणलेली वाटत नाही. सुताच्याच धाग्याने ही दोन शहरं बांधलेली होती. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८ व्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचे तीन भाग लिहून ठेवले होते: एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ मध्ये दुरुस्ती झाली, वाटणी फक्त मोकळ्या पडलेल्या जमिनीची ठरली, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती मान्य केली. गिरणगावाचा घास असा हातातून गेला. तरी निदान नियम कागदावर होता म्हणून गिरणी कामगारांना रस्त्यावर येऊन ‘आमचा वाटा कुठे’ असं विचारता आलं. मँचेस्टरमध्ये प्रत्येक इमारतीचा हिशेब वेगळा आणि बरीच वर्षं गोपनीय. भांडणारा भांडणार कशाच्या आधारावर? हे परवडण्याचे हिशेब जाहीर करावेत असं सरकारी मार्गदर्शन २०१८ मध्ये आलं, आणि माझ्या मते उंचीच्या सगळ्या वादांपेक्षा हा बदल मोठा आहे.

उंचीवरून मात्र शहर खडबडून जागं होतं. माजी फुटबॉलपटू गॅरी नेव्हिल यांनी २०१६ मध्ये टाउन हॉलजवळ दोन मनोऱ्यांचा प्रस्ताव आणला. त्यासाठी ‘सर राल्फ अ‍ॅबरक्रॉम्बी’ हा जुना पब पडणार होता. १६ ऑगस्ट १८१९ रोजी मतदानाचा हक्क मागायला जमलेल्या हजारो निःशस्त्र लोकांवर घोडेस्वार घातले गेले, ते पीटरलूचं मैदान या परिसरातलं. पब त्या दिवसाचा साक्षीदार मानला जातो. लोकांनी सह्या गोळा केल्या, वारसा संस्थांनी विरोध केला, वास्तुरचनाकार बदलले, दोनाचा एक मनोरा झाला, पब राहिला. लोक एकवटले तर आराखडा बदलतो, हे यातून दिसलं. १४,६६७ घरांतल्या शून्यासाठी तेवढ्या सह्या जमल्या नाहीत. पब सगळ्यांना दिसतो. न बांधलेलं घर कुणाला दिसणार?

आत राहणाऱ्यांचं काय, तेही पाहू. मनोऱ्यातला फ्लॅट विकत घेतला तरी इंग्लंडमध्ये तो बहुधा मुदतीच्या पट्ट्यावर मिळतो. जमीन आणि इमारतीचा सांगाडा दुसऱ्याच कंपनीचा. आपल्यासारखी सोसायटी नाही, फ्लॅटधारकांची सर्वसाधारण सभा नाही, सचिवाला जाब विचारणं नाही. देखभालीचा खर्च मात्र फ्लॅटवाल्याने द्यायचा. १४ जून २०१७ ला लंडनचा ग्रेनफेल टॉवर पेटला, बाहेरून लावलेल्या ज्वलनशील आवरणातून आग वर चढली आणि ७२ माणसं मेली. त्यानंतर देशभरातल्या उंच इमारतींची तपासणी सुरू झाली, आणि मँचेस्टरच्या नव्या चकचकीत इमारतींवरही तसंच आवरण सापडलं. फ्लॅट विकता येईनात. आग लागली तर उठवायला रात्रभर पहारेकरी नेमावे लागले आणि त्यांचाही पगार राहणाऱ्यांच्याच माथी. या लोकांनी २०१९ मध्ये ‘मँचेस्टर क्लॅडिएटर्स’ नावाने संघटना बांधली. २०२२ च्या इमारत सुरक्षा कायद्याने फ्लॅटधारकाला बरंच संरक्षण दिलं, त्यामागे अशा संघटनांची चिकाटी आहे.

बीथम टॉवरचीही एक कथा आहे. त्याच्या काचा चौकटीला चिकटवणारा लेप ठिकठिकाणी धरत नसल्याचं २०१४ मध्ये लक्षात आलं. तात्पुरत्या पट्ट्या ठोकून काचा अडकवल्या. कायमची दुरुस्ती कुणी करायची? मूळ बांधकाम कंपनी कॅरिलियन जानेवारी २०१८ मध्ये बुडाली. हॉटेलचा पट्टेदार आणि जमीनमालक कंपनी उच्च न्यायालयात गेले, आणि २०१९ मध्ये न्यायालयाने जबाबदारी जमीनमालकावर टाकली. हॉटेलकडे वकील होते. एकट्या फ्लॅटवाल्याने हे भांडण किती वर्षं लढवलं असतं?

मेडलॉक नदीच्या काठाने चालत गेलं की हा सगळा इतिहास एका रेषेत येतो. फ्रेडरिक एंगल्स १८४२ मध्ये वडिलांच्या भागीदारीतल्या सूतगिरणीत काम करायला या शहरात आला. १८४५ च्या त्याच्या पुस्तकात याच नदीच्या वळणावरच्या ‘लिटल आयर्लंड’ वस्तीचं वर्णन आहे: तळघरात राहणारी कुटुंबं, काळं पाणी, चिमण्यांचा धूर. त्याने आणखी एक गोष्ट टिपली होती. मोठ्या रस्त्यांच्या दोन्ही कडांना दुकानांची रांग असल्यामुळे श्रीमंत माणूस घरून कचेरीत जाताना मागची वस्ती त्याच्या नजरेस पडतच नाही. आज त्या काठावर तळघरं नाहीत, हवा स्वच्छ आहे. वरच्या अंगाला, पिकाडिली स्टेशनमागे, २०२२ मध्ये मेफील्ड पार्क खुलं झालं. साडेसहा एकर, आणि त्यासाठी झाकलेली मेडलॉक पुन्हा उघडी केली. मुलं तिथे घसरगुंडीवर असतात. हे मनापासून चांगलं झालं आहे, आणि मनोऱ्यांच्या पैशाशिवाय कदाचित झालं नसतं.

पण मुलं आधी आली आणि सोयी मागून आल्या. मनोरे पंधरा वर्षं वाढत होते तरी त्या बाजूला शाळा नव्हती; डीन्सगेट स्क्वेअरशेजारची प्राथमिक शाळा अलीकडची. अँकोट्समध्ये शाळेला लागूनच्या कौन्सिलच्या जमिनीवर मोठा वाहनतळ करायचं ठरलं, तेव्हा नव्या इमारतींतले रहिवासी ‘ट्रीज नॉट कार्स’ म्हणून उभे राहिले आणि २०२१ मध्ये उच्च न्यायालयातून ती परवानगी रद्द करून आणली. या माणसांना फ्लॅटमध्ये तात्पुरते आलेले भाडेकरू समजणाऱ्यांनी ही केस वाचावी. ज्या शहरात मध्यभागी कुणी राहत नव्हतं, तिथे आता झाडासाठी कोर्टात जाणारा नागरिक आहे. गेल्या तीस वर्षांत कमावलेल्या गोष्टींत मी याला सर्वांत वर धरतो.

आता पुन्हा मोठे निर्णय समोर आहेत. ३० सप्टेंबर २०२६ पासून १८ मीटरवरच्या नव्या निवासी इमारतींना दुसरा जिना सक्तीचा होतो आहे. इमारत सुरक्षा नियंत्रकाच्या मंजुरीला ठरल्यापेक्षा कितीतरी अधिक वेळ लागत आला आहे. बांधकाम महागलं आहे आणि हिशेब पुन्हा बसत नसल्याचं बिल्डर सांगत आहेत. २०२२ ते २०३२ या दहा वर्षांसाठी कौन्सिलने ३६,००० घरांचं उद्दिष्ट ठेवलं आहे. त्यांतली १०,००० परवडणारी. घरं बांधायला कौन्सिलने स्वतःची कंपनीही काढली आहे. तिचा पहिला प्रकल्प अँकोट्समधल्या रॉडनी स्ट्रीटवरचा: सव्वाशेच्या आसपास घरं, त्यांतल्या साधारण एक तृतीयांश घरांचं भाडं सरकारी घरभत्त्याच्या मर्यादेत. ह्यूमच्या चंद्रकोरी पाडल्याला तीस वर्षं होऊन गेल्यावर कौन्सिल पुन्हा स्वतःच्या जमिनीवर स्वतःचं घर बांधू लागली आहे. घरं थोडी आहेत, इमारत उंच नाही, लांबून दिसतही नाही. पण हिचा पट्टा जर्सीला गेलेला नाही, आणि भाडं किती घ्यायचं ते मँचेस्टरनेच ठरवलं आहे.